‘इफेक्टिव्ह’ : गुण असणे, गुण येणे आणि उतारा

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या कोणालाही विचारा, की अवघड शब्द कोणते? लांबलचक शास्त्रीय नावे तो सांगणार नाही. त्यांची सोय परिभाषाकोशांनी केलेली असते. नडतात ते साधे, रोजचे, सगळ्यांना कळतात असे वाटणारे शब्द. ‘इफेक्टिव्ह’ हा त्यांतलाच एक. औषधांची माहितीपत्रके, कर्जाचे अर्ज, प्रशिक्षणाच्या पुस्तिका असे कागद मी बरीच वर्षे मराठीत आणते आहे. ‘इफेक्टिव्ह’ दिसला की हात आपोआप ‘परिणामकारक’ किंवा ‘प्रभावी’ लिहून मोकळा होतो. पंचाईत होते ती त्याच पानावर ‘इफिशियंट’ आणि ‘इफिकसी’ ही भावंडेही हजर असली की. मग परिणामकारक, प्रभावी, कार्यक्षम आणि गुणकारी हे चार शब्द पत्ते वाटावेत तसे वाटले जातात. कोणाच्या वाट्याला कोणता आला, याला फारसा नियम नसतो.

हा प्रश्न भाषांतरकारांपुरता असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. पण २०२१ साली ‘लस सत्तर टक्के परिणामकारक’ असे वाक्य वाचून घराघरांत निर्णय घेतले गेले. कर्जाच्या कागदावरचा ‘इफेक्टिव्ह’ दर समजला नाही, तर घेणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. सरकारी योजनेला ‘प्रभावी’ म्हटले, की तिने नेमके काय साधले हे विचारायचे राहून जाते. म्हणून या शब्दांच्या पोटात काय आहे, हे जरा सावकाश पाहू.

एका धातूची तीन रूपे

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्याला ‘बाहेर’, ‘पुरतेपणी’ अशा अर्थाचा उपसर्ग लागला आणि ‘एफिकेरे’ हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ तडीस नेणे, घडवून आणणे. मराठीत ‘करणे’ आणि ‘करून दाखवणे’ यांत जो फरक आहे, साधारण तोच इथे आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘फाकेरे’चे मूळ आणि संस्कृतातील ‘धा’ हा धातू एकाच घराण्यातले मानतात. ‘विधी’, ‘विधान’, ‘निधी’ हे आपले शब्द या ‘धा’चेच. तेव्हा ‘इफेक्ट’ हा आपल्या ‘विधी’चा दूरचा चुलतभाऊ ठरतो.

‘एफिकेरे’पासून तीन रूपे निघाली. ‘एफिकिएन्स’ म्हणजे घडवून आणत असलेला; त्याचा इंग्रजीत ‘इफिशियंट’ झाला. ‘एफेक्टुस’ म्हणजे घडवून आणलेले. त्यावरून ‘इफेक्ट’ आणि ‘इफेक्टिव्ह’ आले. ‘एफिकाक्स’ म्हणजे घडवून आणणे हा ज्याचा स्वभावच आहे असा. त्यावरून ‘इफिकेशियस’ आणि ‘इफिकसी’. एकाचे लक्ष चालू कामाकडे, दुसऱ्याचे झालेल्या परिणामाकडे, तिसऱ्याचे अंगभूत सामर्थ्याकडे. इंग्रजीने हा भेद नेहमीच काटेकोरपणे पाळला असे नाही. कित्येक शतके हे शब्द एकमेकांच्या जागी सुखाने वावरत होते. पण आज त्यांचे जे अर्थ स्थिरावले आहेत, ते जवळपास याच रेघांवर.

इंग्रजीत ‘इफिशियंट’ प्रथम आला तो तत्त्वज्ञानातून. ॲरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूची चार कारणे सांगितली. त्यांतले जे कारण वस्तू प्रत्यक्ष घडवते, त्याला मध्ययुगीन पंडितांनी ‘एफिकिएन्स’ म्हटले. आपल्या न्याय-वैशेषिकांच्या भाषेत हे निमित्तकारण. घटासाठी माती हे समवायी कारण आणि कुंभार हे निमित्तकारण, हे उदाहरण संस्कृतच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. म्हणजे मूळचा ‘इफिशियंट’ हा निव्वळ ‘कर्ता’ होता. काटकसरीचा, वेगाचा वास त्याला नव्हता.

आणि घडवून आणण्याचे सामर्थ्य हा विचार काही युरोपातून आलेला नाही. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने खरे काय आणि भास काय, हे ओळखण्याची कसोटीच ती ठरवली. जे काही कार्य करू शकते ते सत्. भाजणारा, अन्न शिजवणारा अग्नी खरा. मनातल्या अग्नीवर भात शिजत नाही. या सामर्थ्याला त्याने ‘अर्थक्रिया’ म्हटले आणि इंग्रजी अभ्यासक तिचे भाषांतर करताना ‘इफिकसी’ हाच शब्द वापरतात.

कोळशाचा हिशेब

‘इफिशियंट’चा आजचा अर्थ घडला तो इंजिनांच्या धुरात. १७१२ मध्ये न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन इंग्लंडमधल्या खाणींतले पाणी उपसू लागले. ते इंजिन इफेक्टिव्ह होते यात शंका नाही, कारण पाणी वर येत होते. पण जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी एक टक्कासुद्धा उपयोगी कामात उतरत नव्हता. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी त्याची कोणाला फिकीर नव्हती. भुकटी, चुरा आयताच पडलेला असे. कॉर्नवॉलमधल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींची गोष्ट वेगळी. तिथे कोळसा जहाजाने आणावा लागे. म्हणून जेम्स वॉटच्या सुधारित इंजिनाला तिथे गिऱ्हाईक मिळाले. बोल्टन आणि वॉट यांनी मोबदलाही तसाच ठरवला होता : जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एकतृतीयांश.

पाणी दोन्ही इंजिने उपसत होती. फरक होता तो किती कोळशात, एवढाच. कॉर्नवॉलमध्ये तो मोजण्याची रीतही ठरली : एक ठरावीक माप कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर चढते. आपण मोटरसायकलचे ‘ॲव्हरेज’ विचारतो, तोच हा प्रश्न. पुढे १८२४ मध्ये सादी कार्नो याने उष्णतेतून काम किती मिळू शकते याची मर्यादा मांडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रँकिनसारख्या अभियंत्यांनी ‘इफिशियन्सी’ला आजचा अर्थ दिला. किती घातले आणि किती निघाले, यांचे गुणोत्तर.

मराठीला या अर्थासाठी शब्द शोधावा लागत नाही. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या कोणालाही तो ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ‘उतारा’. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो साखर उतारा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दरही त्यावरच बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा असा दर ठरवला. ‘कार्यक्षमता’ म्हटले की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ‘उतारा किती?’ म्हटले की काय घातले आणि काय निघाले, हे दोन्ही आकडे समोर मांडावे लागतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा यंत्राचा शब्द माणसांना लागला. १९१० मध्ये अमेरिकेत रेल्वेची भाडेवाढ अडवताना लुई ब्रँडाइस या वकिलाने तज्ज्ञांची साक्ष काढली, की रेल्वे कंपन्या इफिशियंट झाल्या तर दिवसाला दहा लाख डॉलर वाचतील. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक आले. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजण्याची रीत पसरली.

आपल्याकडे हा शब्द पगारपत्रकात जाऊन बसला. जुन्या सरकारी नोकरांना आपली वेतनश्रेणी आठवत असेल : ९५०-२०-११५०-ईबी-२५-१५००. हा ‘ईबी’ म्हणजे इफिशियन्सी बार, कार्यक्षमतेचा अडसर. ११५० पर्यंत वेतनवाढ दरवर्षी मिळे. पुढे जाण्यासाठी वरिष्ठांनी हा माणूस लायक आहे असे ठरवावे लागे. काय घातले आणि काय निघाले याचे माप या अडसराला नव्हते. शब्द मोजमापाचा आणि निर्णय गोपनीय अहवालाचा. पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेण्यांत तो नाहीसा झाला.

औषधात गुण आहे का?

आता ‘इफिकसी’. हा शब्द आज मुख्यतः औषध आणि लस यांच्याबाबत वापरतात. १९३८ च्या अमेरिकी कायद्यानुसार नवे औषध सुरक्षित आहे, एवढे दाखवले की पुरे होते. थॅलिडोमाइडच्या गोळ्यांनी युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्मल्यावर १९६२ मध्ये तो कायदा बदलला आणि औषधाचा गुण पुराव्यानिशी सिद्ध करणेही बंधनकारक झाले. ‘गुणकारी’ हे त्या देशात जाहिरातीचे विशेषण उरले नाही, ते सिद्ध करण्याचे विधान झाले.

सिद्ध कसे करायचे? दोन सारखे गट घ्यायचे. एकाला लस, दुसऱ्याला लशीसारखेच दिसणारे पण गुण नसलेले इंजेक्शन. कोणाला काय मिळाले हे कोणालाच सांगायचे नाही. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या फायझरच्या चाचणीत ४३ हजारांहून अधिक स्वयंसेवक होते. त्यांत लक्षणांसह कोविड झालेले १७० निघाले : लस घेतलेल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात १६२. लस नसती तर पहिल्या गटातही साधारण १६२ जण आजारी पडले असते, पडले ८. म्हणजे शंभरातले ९५ आजार टळले. ‘९५ टक्के इफिकसी’ म्हणजे एवढेच.

हे वाक्य ‘लस ९५ टक्के परिणामकारक’ असे मराठीत आले आणि अनेकांनी त्याचा अर्थ लावला, की शंभरातल्या पाच जणांना लस घेऊनही कोविड होणार. ते तसे नाही. लस न घेतलेल्या गटातही त्या काळात शंभरातल्या एकालासुद्धा कोविड झालेला नव्हता. हा आकडा तुलनेचा आहे, भविष्याचा नव्हे. दुसरी गफलत आकड्यांची शर्यत लावण्याची. पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डच्या मूळ लशीच्या चाचण्यांचा एकत्रित आकडा ७०.४, कोव्हॅक्सिनचा ७७.८, फायझरचा ९५. पण या चाचण्या वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या महिन्यांत झाल्या होत्या आणि विषाणूही बदलत होता. तीन वेगळ्या शाळांच्या तीन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण शेजारी मांडून पहिला नंबर काढावा, तसा तो प्रकार झाला.

पण गुण आला का?

आणि चाचणीतला आकडा कितीही चांगला असला, तरी ती निवडलेल्या माणसांवर, प्रशिक्षित हातांनी, देखरेखीखाली झालेली परीक्षा असते. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. कोव्हिशील्डला २ ते ८ अंश, म्हणजे साध्या शीतपेटीतले तापमान पुरे होते. सातपुड्यातल्या पाड्यावर पोचेपर्यंत कोणती लस जिवंत राहील, हा प्रश्न ९५ आणि ७० या आकड्यांत कुठेच दिसत नाही. इथे ‘इफेक्टिव्हनेस’ सुरू होतो : खऱ्या माणसांत, खऱ्या परिस्थितीत, परिणाम झाला का?

या दोन अर्थांतले अंतर केवढे असू शकते? अमेरिकेतील अभ्यासांनुसार गर्भनिरोधक गोळ्या बिनचूक घेतल्या तर वर्षभरात हजारातल्या तीन स्त्रियांना गर्भ राहतो. पण माणसे विसरतात, प्रवासाला जातात, गोळ्या संपतात. प्रत्यक्ष वापरात हा आकडा शंभरात सात होतो. गोळी तीच, तिच्यातला गुणही तोच.

हे अंतर मिटवल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारी घडले. साखर, मीठ आणि पाणी यांचे योग्य मिश्रण पाजले तर पटकीचा रोगी वाचतो, हे १९६८ मध्ये ढाक्याच्या रुग्णालयात सिद्ध झाले होते. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरच्यांनी ते पाजले तर चालेल, यावर वैद्यकाचा विश्वास नव्हता. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बोनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, पिंपांत द्रावण तयार केले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतल्या रोग्यांचे मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या आत आले. मराठीत आपण या द्रावणाला ‘जलसंजीवनी’ म्हणतो. तिच्यात गुण आहे हे ढाक्याने दाखवले. गुण येतो, तोही आईच्या हातून, हे बोनगावने दाखवले. आणि सलाईनच्या तुलनेत खर्च नगण्य, हा तिचा उतारा.

महाराष्ट्रातही असे काम झाले. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके चालतात हे जगाला माहीत होते, तरी गडचिरोलीच्या खेड्यांतली नवजात बाळे मरत होती. कारण ती रुग्णालयापर्यंत पोचत नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले. ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. नवे औषध इथे काहीच नव्हते. असलेला गुण बाळापर्यंत नेला, इतकेच.

या तिन्ही प्रश्नांची वैद्यकात नीट फोड व्हावी असा आग्रह आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने धरला. १९७२ च्या त्याच्या छोट्या पुस्तकाच्या नावातच इफेक्टिव्हनेस आणि इफिशियन्सी हे दोन शब्द शेजारी आहेत. कार्यालयांच्या जगात हेच काम पीटर ड्रकरने केले. इफिशियंट माणूस हातातले काम नीट करतो. इफेक्टिव्ह माणूस कोणते काम करायचे ते नीट ठरवतो. आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी पोच देणारा कारकून इफिशियंट. अर्जदाराला पुन्हा पत्र लिहावेच लागू नये अशी व्यवस्था करणारा इफेक्टिव्ह.

व्याज किती पडले?

‘इफेक्टिव्ह’चा आणखी एक अर्थ आहे, आणि तिथे ‘परिणामकारक’ सरळ दगा देतो. ‘प्रत्यक्षात लागू असलेला’ हा तो अर्थ. शासकीय आदेशातली ‘इफेक्टिव्ह’ तारीख म्हणजे अंमलाची तारीख. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग प्रत्यक्ष मिळू लागला तो २०१९ च्या आरंभी, पण त्याचा अंमल १ जानेवारी २०१६ पासूनचा. इथे ‘अंमल’ हा जुना शब्द चपखल बसतो.

व्याजाचे मात्र तसे झालेले नाही. समजा, एक लाखाचे कर्ज एका वर्षासाठी ‘फ्लॅट १२ टक्के’ दराने घेतले. व्याज १२ हजार, एकूण फेड १ लाख १२ हजार, बारा हप्ते, दर हप्ता ९,३३३ रुपये. दर १२ टक्केच वाटतो. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, म्हणजे पूर्ण लाख रुपये तुम्ही फक्त पहिला महिना वापरता. तरी व्याज वर्षभर लाखावरच. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. अशा खऱ्या दराला ‘प्रभावी व्याजदर’ म्हणण्याची रीत पडली आहे. कर्ज घेणाऱ्याला त्यातून काय कळणार? बाजारात आपण ‘हे कितीला पडले?’ असे विचारतो. कर्जाबद्दलही तेच विचारावे : सगळे धरून व्याज किती टक्क्यांनी पडले? ‘पडता दर’ म्हटले तर ते शेतकऱ्याला आणि रिक्षावाल्यालाही समजेल.

आपल्याकडचे शब्द

मराठीत हे भेद नाहीत, अशी तक्रार मी अनेकदा ऐकते. मला ती पटत नाही. औषधात गुण *असतो* आणि रोग्याला गुण *येतो*. ‘असणे’ आणि ‘येणे’ या दोन साध्या क्रियापदांनी आपल्या आज्यांनी तो फरक केलेला आहे, ज्यासाठी इंग्रजीला लॅटिनचे दोन जड शब्द लागले. ‘काढ्यात गुण आहे हो, पण हिला काही गुण आला नाही,’ हे वाक्य कोणत्याही घरात ऐकू येईल, आणि ते तर्काला धरून आहे. तिसऱ्या अर्थासाठी ‘उतारा’ आहेच. या शब्दाला सातबाऱ्यापासून विषावरच्या औषधापर्यंत इतर अर्थ आहेत, हे खरे. पण संदर्भाने ते वेगळे राहतात.

परिभाषेत सुटसुटीत नामे लागतात, म्हणून ‘इफिकसी’ला गुणकारिता, ‘इफेक्टिव्हनेस’ला परिणामकारकता आणि ‘इफिशियन्सी’ला कार्यक्षमता असे ठरवून घ्यावे, आणि एकाच लेखात त्यांची अदलाबदल करू नये. मी माझ्या कामात आता हेच पाळते. ‘प्रभावी’ हा शब्द वक्ता, भाषण, व्यक्तिमत्त्व यांच्याकडे राहू द्यावा. प्रभाव पडणे आणि काम होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातदारांना त्या एक वाटाव्यात असे वाटते, हेच त्या वेगळ्या ठेवण्याचे चांगले कारण.

आणि ज्याला भाषांतर करायचे नाही, नुसते वाचायचे आहे, त्याच्यासाठी तीन प्रश्न पुरेत. औषध असो, शेततळ्याची योजना असो की मुलांच्या शिकवणीचा वर्ग असो, कोणी तिला ‘इफेक्टिव्ह’ म्हटले की विचारावे : हिच्यात गुण आहे, हे कशावरून? तो कोणाला आला, आणि कोणाला आला नाही? आणि उतारा किती, म्हणजे कोणी काय घातले आणि कोणाच्या पदरात काय पडले? तिन्हींची उत्तरे एकाच शब्दात मिळाली, तर समजावे की एकाचेही मिळालेले नाही.